व्हॉल्व्ह जळायचे हे खरं, पण गाडी अडली होती मेमरीवर

तुम्ही विचारलेले प्रश्न तसे तीन आहेत. एक, १९४०-५० च्या दशकातल्या कॉम्प्युटरमधले व्हॉल्व्ह (तापवून चालणाऱ्या, स्विचचं काम करणाऱ्या काचेच्या बाटल्या) सारखे जळायचे, म्हणून ती मशिन्स जेमतेम काही मिनिटं चालायची आणि ट्रान्झिस्टर आल्यावरच कॉम्प्युटर खरा कामाला लागला, हे बरोबर का. दोन, ट्रान्झिस्टर १९४७ लाच आला होता तर मुंबईत टीआयएफआरवाल्यांनी (टाटा मूलभूत संशोधन संस्था) त्यांचा टिफ्रॅक कॉम्प्युटर व्हॉल्व्हचा का बनवला. आणि तीन, कॉलेजच्या प्रदर्शनात व्हॉल्व्हचा फ्लिप-फ्लॉप (एक बिट, म्हणजे ० किंवा १, धरून ठेवणारं सर्किट) बनवून ठेवायचा आहे, कसा बनवू.

पहिलं बरंचसं चूक आहे. दुसऱ्याचं उत्तर असं की त्या वेळी तोच शहाणपणाचा निर्णय होता. तिसऱ्याबद्दल शेवटी लिहितो, कारण त्यात शॉक लागायची भानगड आहे.

मी व्हॉल्व्हच्या कॉम्प्युटरवर काम केलेलं नाही, तेवढा म्हातारा अजून झालो नाही. पण हाताला वळण लागलं ते व्हॉल्व्हच्या रेडिओवर, आणि पुढे नोकरीत १९७० च्या दशकात ज्या मशिन्सच्या मेंटेनन्सला होतो त्यांच्यात कोअर मेमरी, म्हणजे बारीक चुंबकी कड्यांची मेमरी, होती, त्यामुळे या विषयाची दोन्ही टोकं थोडीफार हाताळलेली आहेत.

आधी व्हॉल्व्हचा हिशोब करू. एनिअ‍ॅक, पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये बनलेलं मशिन, फेब्रुवारी १९४६ मध्ये लोकांना दाखवलं, त्यात साधारण साडेसतरा हजार व्हॉल्व्ह होते. समजा एका व्हॉल्व्हचं सरासरी आयुष्य पाच हजार तास धरलं, तर भागाकार करून बघा, दर सतरा मिनिटांनी कुठला ना कुठला व्हॉल्व्ह जायला पाहिजे. हाच हिशोब तेव्हाच्या इंजिनिअर लोकांनीही केला होता आणि म्हणूनच बरेच जण म्हणत होते की हे मशिन चालणारच नाही. तुम्ही जे वाचलंय ते बहुतेक या हिशोबातून आलंय, प्रत्यक्षात काय झालं त्यातून नाही. प्रत्यक्षात सुरुवातीचा त्रासाचा काळ सरल्यावर एनिअ‍ॅकमध्ये साधारण दोन दिवसाला एक व्हॉल्व्ह जायचा, आणि १९५४ मध्ये तर सलग ११६ तास मशिन न अडता चाललं. आता उलटा गुणाकार करा, साडेसतरा हजार गुणिले अठ्ठेचाळीस तास, म्हणजे आठ लाखांवर व्हॉल्व्ह-तासांमागे एक बिघाड. घरातल्या रेडिओत असा व्हॉल्व्ह कुणी बघितला नव्हता.

हे जमलं कसं, तर त्यात जादू काही नाही. मशिनच्या मुख्य इंजिनिअरने, प्रेस्पर एकर्टने, डिझाइन करतानाच नियम घालून दिला होता की कुठलाही पार्ट त्याच्या रेटिंगच्या जवळपास सुद्धा चालवायचा नाही. प्लेटचं (व्हॉल्व्हमधल्या इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या पत्र्याचं) व्होल्टेज कमी, करंट कमी, रेझिस्टरवर वॅटेज कमी, ६.३ व्होल्टचा हीटर सुद्धा जरा कमीच व्होल्टेजवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मशिन बंद करायचं नाही. व्हॉल्व्ह जातो तो बहुतेक वेळा चालू-बंद करताना, कारण थंड फिलामेंटला एकदम करंट बसतो आणि तापण्या-निवण्यात आतलं मेटल आणि काच ताणली जाते. ज्यांच्या घरी पूर्वी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, रेडिओ गाणं चालू असताना क्वचितच मेला, मेला तो सकाळी स्विच लावताना.

हीच गोष्ट इंग्लंडमध्ये टॉमी फ्लॉवर्सला आधीच माहीत होती. हा माणूस पोस्ट ऑफिसच्या डॉलिस हिलच्या रिसर्च स्टेशनमधला, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये व्हॉल्व्ह वापरायचे प्रयोग केलेला, त्यामुळे त्याला अनुभवाने ठाऊक होतं की व्हॉल्व्ह एका जागी बसवून, न हलवता, सतत चालू ठेवला तर तो टिकतो. त्याने दीड हजारावर व्हॉल्व्हचं कोलोसस बनवलं आणि १९४४ च्या सुरुवातीला ते ब्लेचली पार्कला जर्मन संदेश फोडायच्या कामाला लागलं सुद्धा. पेपर टेपवरची ५००० अक्षरं सेकंदाला वाचायचं ते. पण सगळं गुपित, १९७० च्या दशकापर्यंत बाहेर कुणाला पत्ता नाही, त्यामुळे फ्लॉवर्सचं नाव पुस्तकात उशिरा आलं आणि एकर्टचं आधी.

व्हॉल्व्हचा एक वेगळा रोग मात्र होता, तो रेडिओवाल्यांना कधी दिसलाच नव्हता, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रेडिओतला व्हॉल्व्ह चालू असतो तेव्हा त्यातून करंट जातच असतो. कॉम्प्युटरच्या फ्लिप-फ्लॉपमध्ये दोन ट्रायोड (साधे व्हॉल्व्ह) असतात, एक चालू आणि एक कट-ऑफ म्हणजे बंद, आणि एखादा फ्लिप-फ्लॉप दिवसेंदिवस एकाच स्थितीत बसून राहू शकतो. म्हणजे एका ट्रायोडचा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारी नळी) लालभडक तापलेला, पण त्यातून करंट शून्य. असे बरेच तास गेले की कॅथोडच्या निकेलची नळी आणि तिच्यावरचा ऑक्साइडचा लेप, या दोघांच्या मध्ये एक पातळ थर तयार व्हायचा जो रेझिस्टरसारखा वागतो. निकेलमध्ये थोडं सिलिकॉन मिसळलेलं असायचं, ते लेपातल्या बेरियमशी रिअ‍ॅक्ट होऊन हा थर बनायचा. मग एक दिवस त्या ट्रायोडला चालू व्हायची वेळ आली की तो अर्धवटच चालू होणार. टेस्टरवर लावला तर हीटर ठीक, काच ठीक, सगळं ठीक, आणि मशिन मात्र चुकीचं उत्तर देतंय. सांगा आता, शोधायचं कुठे!

अमेरिकेत एमआयटीमध्ये व्हर्लविंड नावाचा कॉम्प्युटर बांधणाऱ्यांनी याचा पिच्छा पुरवला. कमी सिलिकॉनचं निकेल वापरलेले व्हॉल्व्ह घेतले, सिल्व्हेनियाचा ७एके७ हा तर खास कॉम्प्युटरसाठीच बनवलेला, त्यांच्यासाठी. आणि दुसरी गोष्ट केली ती मला स्वतःला जास्त हुशारीची वाटते, मार्जिनल चेकिंग. म्हणजे काय, तर मेंटेनन्सच्या वेळी सर्किटच्या एकेका भागाचं व्होल्टेज मुद्दाम वर-खाली करायचं आणि टेस्ट प्रोग्रॅम चालवायचा. धडधाकट व्हॉल्व्ह बराच फरक सोसतो, थकलेला लगेच चुकतो. चुकला की काढून टाकायचा, कामाच्या मध्ये मरायच्या आधीच. आम्ही तीस वर्षांनी मेमरी बोर्डावर हेच करायचो, आणि आज चिप टेस्टिंगवालेही व्होल्टेज आणि स्पीड वरखाली करून हेच करतात, फक्त आता ते ऑटोमॅटिक आहे.

तर १९५० च्या आसपास व्हॉल्व्हचं दुखणं कुणाला सुटलेलं वाटत नसलं तरी आटोक्यात आलं होतं. सुटलं नव्हतं ते वेगळंच, की आकडे ठेवायचे कुठे.

एनिअ‍ॅककडेच बघा ना. त्यात दहा-दहा आकडी वीस संख्या राहायच्या, बस्स. त्यासाठी वीस अ‍ॅक्युम्युलेटर, आणि एकेका अ‍ॅक्युम्युलेटरला साडेपाचशेच्या आसपास व्हॉल्व्ह. म्हणजे दोनशे अंक साठवायला (बेरीज त्यातच व्हायची, हे मान्य) अर्ध्याहून जास्त मशिन खर्ची. प्रोग्रॅम साठवायला तर जागाच नाही, तो वायरी इकडून तिकडे खोचून आणि स्विच फिरवून लावायचा, त्यात दिवस जायचे. प्रोग्रॅम आणि डेटा दोन्ही एकाच मेमरीत ठेवायचे ही कल्पना १९४५ मध्येच कागदावर आली होती, पण ती मेमरी आणणार कुठून? व्हॉल्व्हची करायची तर एका बिटाला एक डबल ट्रायोड, चाळीस बिटांचा एक आकडा (त्याला शब्द म्हणतात) धरला तर हजार शब्दांना चाळीस हजार बाटल्या, वीजबिल विचारूच नका.

इथून पुढची सात-आठ वर्षं माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मजेची आहेत, कारण लोकांनी हाताला लागेल त्यात आकडे साठवून बघितले.

पहिला उपाय रडारमधून आला. मर्क्युरी डिले लाइन. पाऱ्याने भरलेली लांब नळी, दोन्ही टोकांना क्वार्ट्झचे क्रिस्टल. एका क्रिस्टलला विजेचा पल्स दिला की तो थरथरतो, त्याचा आवाज पाऱ्यातून पलीकडे जातो, पलीकडचा क्रिस्टल त्याचा परत विजेचा पल्स करतो, तो अशक्त झालेला असतो म्हणून अ‍ॅम्प्लिफाय करून, आकार नीट करून परत पहिल्या टोकाला द्यायचा. आवाज पाऱ्यात सेकंदाला साधारण १४५० मीटर जातो, म्हणजे दीड मीटर नळीत एक मिलिसेकंद राहतो, आणि वीज त्या मानाने इतकी झटपट की एका मिलिसेकंदात शेकडो पल्स ओळीने नळीत बसतात. केंब्रिजला मॉरिस विल्क्सच्या एडसॅकमध्ये (६ मे १९४९ ला पहिला प्रोग्रॅम चालला) एका नळीत ५७६ बिट फिरत असायचे, आणि त्यांना चालवायला मोजके व्हॉल्व्ह पुरायचे. हिशोब कसा बदलला बघा.

पाराच का, तर क्वार्ट्झमधून आवाज पाऱ्यात नीट उतरतो, काठावरून परत उसळत नाही. पण पारा जड, महाग, विषारी, आणि तापमान बदललं की आवाजाचा वेग बदलतो म्हणजे टायमिंग बिघडतं, त्यामुळे नळ्यांचं तापमान सांभाळत बसायचं. अ‍ॅलन ट्युरिंगने तर पाऱ्याऐवजी जिनसारखं पाणी-अल्कोहोलचं मिश्रण सुचवलं होतं, कारण त्यात तापमानाचा परिणाम कमी होतो. कुणी केलं नाही, पण सूचना गमतीची नव्हती, गणित बरोबर होतं. दुसरी अडचण म्हणजे हवा तो आकडा टोकाशी येईपर्यंत थांबायचं, सरासरी अर्धा मिलिसेकंद. पायलट एस या तशाच नळ्यांच्या इंग्लंडमधल्या मशिनवर काम करणारे प्रोग्रॅमर म्हणून पुढची सूचना नळीत अशा जागी ठेवायचे की आधीची संपते न संपते तोच ती टोकाला पोचली पाहिजे. असल्या प्रोग्रॅममध्ये मध्येच एक ओळ घालायची म्हटली तर काय होत असेल, विचार करा.

दुसरा उपाय मँचेस्टरचा, फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्नचा. साधी सीआरटी, जुन्या टीव्हीला किंवा ऑसिलोस्कोपला असते तसली पिक्चर ट्यूब. इलेक्ट्रॉनचा झोत स्क्रीनवर एका ठिकाणी पडला की तिथून जास्त इलेक्ट्रॉन उडतात आणि त्या ठिपक्यावर पॉझिटिव्ह चार्ज राहतो. तो चार्ज सेकंदाच्या अंशात झिरपून जातो, म्हणून झिरपायच्या आत वाचायचा आणि परत लिहायचा, सारखं. वाचायला काचेच्या बाहेरून धातूची जाळी लावलेली. यात वाट बघणं नाही, झोत हव्या त्या ठिपक्यावर वळवला की झालं. २१ जून १९४८ ला मँचेस्टरच्या छोट्या मशिनवर, ज्याला सगळे बेबी म्हणतात, मेमरीत ठेवलेला जगातला पहिला प्रोग्रॅम चालला. सतरा सूचना, ५२ मिनिटं, आणि काम काय तर २ च्या १८ व्या घाताचा, ती संख्या स्वतः सोडून, सर्वात मोठा भाजक शोधणं, तोही मुद्दाम येडबंबू पद्धतीने, म्हणजे मशिन जास्त वेळ चाललेलं दिसावं. मेमरी किती, ३२ शब्द, प्रत्येकी ३२ बिट. आणि हे लक्षात घ्या की बेबी बनवलं होतं मुळात ही ट्यूब कामात टिकते का ते तपासायला. मेमरी तपासायला अख्खा कॉम्प्युटर! अडलं कुठे होतं याचा याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

विल्यम्स ट्यूब नंतर बऱ्याच मशिनमध्ये गेली, प्रिन्स्टनच्या आयएएस मशिनमध्ये चाळीस होत्या, आयबीएम ७०१ मध्ये ७२. पण नाजूक प्रकरण. आसपास कुठे स्पार्क झाला की बिट गेले, स्क्रीनच्या लेपात डाग असला की तो ठिपका बाद, आणि एकाच ठिपक्यावर वारंवार झोत मारला की उडालेले इलेक्ट्रॉन शेजारच्या ठिपक्यावर पडून तो बिघडायचा. आजच्या डीरॅममधला रो-हॅमर माहीत असेल तर हसू येईल, शेजाऱ्याला त्रास द्यायची खोड तीच, आणि सारखं रिफ्रेश करत राहणंही तेच.

तिसरा उपाय टिकला. फेराइट या चुंबकी पदार्थाच्या बारीक कड्या, म्हणजेच कोअर. व्हर्लविंडला विमानांच्या कामासाठी तात्काळ उत्तरं द्यायची होती आणि त्यांच्या स्वतःच्या साठवण-ट्यूब महाग आणि अल्पायुषी निघाल्या, म्हणून त्या कामाचा प्रमुख, जे फॉरेस्टर (Jay Forrester), दुसरं काही शोधत होता. हार्वर्डला अ‍ॅन वँगने आधी चुंबकी कड्यांत बिट ठेवून दाखवला होता, पण ओळीने, एकामागे एक. फॉरेस्टरने त्यांची जाळी केली. या कडीचं फेराइट असं असतं की ठराविक करंटच्या खाली ते ढिम्म हलत नाही आणि वर गेलं की एकदम पूर्ण उलटतं. मग आडव्या तारेत अर्धा करंट, उभ्या तारेत अर्धा करंट. त्या दोन तारांवरच्या बाकी सगळ्या कड्यांना अर्धाच धक्का, त्या जागच्या हलत नाहीत, जिथे दोन तारा भेटतात तिथली एकच कडी उलटते. बंद पडलेली रिक्षा एकट्याने ढकलली तर जागची हलत नाही आणि दुसरा हात लागला की सुटते, तसं. ३२ आडव्या आणि ३२ उभ्या तारांत १०२४ कड्या गाठता येतात, म्हणजे सर्किट चौसष्ट तारांपुरतंच, हजाराचं नाही. सगळा डाव या एका गोष्टीत आहे.

वाचायचं कसं, तर कडीत शून्य लिहायचं आणि तिसऱ्या तारेवर, सेन्स वायरवर, काय येतं ते ऐकायचं. पल्स आला म्हणजे आत एक होता, तो आता पुसला गेला, परत लिहा. हा पल्स अगदी बारीक, काही दहा मिलिव्होल्टच्या घरातला, आणि अर्धा धक्का बसलेल्या कड्यासुद्धा थोडीथोडी कुरकुर करतात, तिची बेरीज खऱ्या सिग्नलइतकी होऊ शकते. म्हणून सेन्स वायर निम्म्या कड्यांतून एका दिशेने आणि निम्म्यांतून उलट दिशेने ओवलेली असते, कुरकुर आपसात वजा होते. भिंगाखाली एकदा कोअर प्लेन बघा, ती तिरकी गेलेली बारीक तार दिसली की समजा हीच ती. ओवायचं काम माणसंच करायची, बहुतेक बायका, सुईने.

आमच्याकडच्या मशिनचा एसी बंद पडला की तासाभरात पॅरिटी एरर (मेमरीतला बिट चुकल्याची सूचना) सुरू व्हायच्या, कारण फेराइट तापलं की कमी करंटमध्येच उलटायला लागतं आणि अर्धा धक्का अर्धा राहत नाही. कोअरच्या स्टॅकवर थर्मिस्टर (तापमान ओळखणारा रेझिस्टर) असायचा, तो करंट कमी करून सांभाळून घ्यायचा, पण त्यालाही मर्यादा. याउलट लाइट गेली आणि परत आली तर मेमरीतलं सगळं जिथल्या तिथे, चुंबकच ते, त्याला लाइटीशी काय देणंघेणं. हे सुख सेमीकंडक्टर मेमरी आल्यावर गेलं.

१९५३ च्या ऑगस्टमध्ये व्हर्लविंडमध्ये कोअर बसली (त्याआधी ती तपासायला पुन्हा एक वेगळा कॉम्प्युटर बांधला, मेमरी टेस्ट कॉम्प्युटर नावाचाच) आणि मेमरीतून आकडा काढायची वेळ २५ मायक्रोसेकंदांवरून ९ वर आली. मशिन तेच, व्हॉल्व्ह तेच.

आता टिफ्रॅक. होमी भाभांच्या टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन १९५४ मध्ये आले, टीममधल्या बहुतेकांनी तोवर डिजिटल कॉम्प्युटर वापरलेला सुद्धा नव्हता. आधी छोटं पायलट मशिन केलं, १२ बिटांचे २५६ शब्द, ते १९५६ च्या अखेरीस चालू झालं. मग मोठं मशिन, ४० बिटांचा शब्द, आधी १०२४ शब्द मेमरी, नंतर २०४८, ते फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागलं आणि टिफ्रॅक हे नाव जानेवारी १९६२ मध्ये नेहरूंच्या हस्ते मिळालं. २७०० व्हॉल्व्ह, १७०० जर्मेनियम डायोड, साडेबारा हजार रेझिस्टर. सीआरटीवर आलेख दाखवायची सोय सुद्धा होती.

सगळे व्हॉल्व्हचे आकडे सांगतात, पण माझ्या लेखी महत्त्वाची गोष्ट ही की मेमरी पहिल्यापासून फेराइट कोअरची होती, पायलट मशिनमध्ये सुद्धा. म्हणजे व्हर्लविंडनंतर तीन-साडेतीन वर्षांत. पारा नाही, विल्यम्स ट्यूब नाही, चुंबकी लेपाचा फिरता ड्रम नाही (कलकत्त्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने विकत आणलेल्या एचईसी मशिनमध्ये ड्रम होता). नेमकं जिथे नवं घ्यायला पाहिजे तिथे नवं घेतलं आणि जिथे जुनं खात्रीचं होतं तिथे जुनं ठेवलं.

कारण १९५५ मध्ये ट्रान्झिस्टर म्हणजे काय होतं ते बघा. बेल लॅब्समध्ये डिसेंबर १९४७ मध्ये चालला तो पॉइंट-काँटॅक्ट, जर्मेनियमवर दोन टोकदार तारा टेकवलेल्या. मँचेस्टरला १९५३ मध्ये त्याचा कॉम्प्युटर केला, ९२ ट्रान्झिस्टर आणि ५५० डायोडचा, तरी क्लॉकसाठी व्हॉल्व्ह होतेच. १९५५ च्या मोठ्या आवृत्तीत दोनशे ट्रान्झिस्टर, आणि न चुकता चालायची सरासरी वेळ दीड तास. दीड तास! साडेसतरा हजार व्हॉल्व्हचं एनिअ‍ॅक दोन दिवस, आणि हे दीड तास. जंक्शन ट्रान्झिस्टर त्याहून बरे, पण तेव्हा हळू, आणि जर्मेनियमचा लीकेज करंट दर दहा डिग्रीला साधारण दुप्पट होतो, मुंबईच्या मे महिन्यात त्याचं काय झालं असतं सांगायला नको. शिवाय कोअरच्या तारेत काहीशे मिलिअँपिअर झटक्यात ढकलायला लागतात, ते त्या वेळच्या ट्रान्झिस्टरच्या आवाक्यातलं काम नव्हतं. दोन-चार वर्षांत चित्र पालटलं हे खरं, १९५९ मध्ये आयबीएम ७०९० ट्रान्झिस्टरचं बाहेर पडलं, म्हणजे टिफ्रॅक पूर्ण होईतो जुना झाला होता. मशिन बांधायला लागलेला वेळ हा त्याचा दोष म्हणा हवं तर, व्हॉल्व्ह निवडले हा नाही. १९६४ मध्ये टीआयएफआरला सीडीसी ३६०० आला, संपूर्ण ट्रान्झिस्टरचा, आणि त्यात मेमरी कसली, तर कोअर. व्हॉल्व्ह गेले, कड्या राहिल्या, त्या थेट १९७० च्या दशकापर्यंत, इंटेलची ११०३ चिप येऊन स्वस्त होईतो.

आता तुमचा प्रदर्शनातला फ्लिप-फ्लॉप. ६एसएन७ घेऊ नका, ऑडिओवाल्यांनी त्याचे भाव चढवून ठेवलेत. ईसीसी८२ घ्या, तोच १२एयू७, लॅमिंग्टन रोडला जुन्या दुकानात विचारलं तर मिळतो, डबल ट्रायोड आहे, एका बाटलीत एक बिट. प्लेटला शंभर-सव्वाशे व्होल्ट पुरे, सप्लाय आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरून घ्या, मेन्सवरून थेट रेक्टिफाय करायचा आळशीपणा अजिबात करू नका. प्लेटकडे रेझिस्टर लावून निऑन बल्ब जोडलात तर कुठली बाजू चालू आहे ते लांबून दिसतं. फिल्टर कॅपॅसिटरला ब्लीडर रेझिस्टर (साठलेला चार्ज काढून टाकणारा) कायमचा लावून टाका, आणि तरीही हात घालायच्या आधी मीटरने बघा. कोअरही दाखवायची झाली तर दुकानात मिळणाऱ्या साध्या फेराइट रिंग घेऊन ओवत बसू नका, त्या नॉइज दाबायला असतात, चुंबकत्व धरून ठेवत नाहीत. भंगारातली किंवा ऑनलाइन मिळणारी जुनी कोअर प्लेन घ्या आणि काचेखाली एक भिंग ठेवा.